अठ्ठाविसावी सही

कडक मावशींचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक असेल तर शपथ. इस्त्री कडक, कॉलर कडक आणि जीभ त्याहून कडक, म्हणून हे नाव पडलं, आणि मावशींनीही ते पदवीसारखं मिरवलं. तळमजल्यावर दीड खोलीचं घर. अर्ध्या खोलीत इस्त्रीचं टेबल, उरलेल्या एकीत संसार. गल्लीत घरं बेचाळीस, आणि झाडून सगळ्यांचे कपडे या एका टेबलावरून जायचे. कुणाची नोकरी सुटली, कुणाचं पोट सुटलं, कुणाच्या नवऱ्याचे शर्ट महिनाभर आलेच नाहीत, हे मावशींना सगळ्यांच्या आधी कळायचं. आणि त्या ते पोटात ठेवायच्या, हे त्यांच्या जिभेकडे पाहून कुणाला खरं वाटत नसे.

अशा बाईनं एकदा गल्लीचं भलं करायचं मनावर घेतलं. आणि कसलं भलं केलं म्हणता, हात दाखवून अवलक्षण.

झालं असं. पालिकेनं ठरवलं की शहराच्या मध्यभागात गाडी घेऊन शिरायचं तर पैसे मोजायचे. कागदोपत्री त्याला 'गर्दी शुल्क' म्हणत होते. लोकांनी त्याला घरपट्टी-पाणीपट्टीच्या पंगतीला बसवून 'गर्दीपट्टी' करून टाकलं. नकाशात ही गल्ली हद्दीच्या आत होती. म्हणजे गल्लीतून गाडी बाहेर काढली आणि परत आणली की पट्टी. राहणाऱ्यांना खाजगी गाडीसाठी सवलत होती, पण मालवाहू गाडीला नव्हती. आणि मालवाहू गाडी गल्लीत एकच होती, ती मावशींच्या दिराची.

हा धाकटा दीर समोरच्याच घरात राहायचा. त्याचा एक टेम्पो होता, दिवसभर फर्निचर वाहायचा. आईबाप लवकर गेले, तेव्हा मावशींच्या नवऱ्यानं त्याला लहानाचं मोठं केलं. नवरा एकतीस वर्षं सिटी बसचा ड्रायव्हर. स्टिअरिंग कसं धरायचं तेही धाकट्याला त्यानंच शिकवलं. नकाशा लागला त्या दिवशी नवरा मावशींना एवढंच म्हणाला, "धाकट्याचं काहीतरी बघ. रोज पट्टी भरून त्याचा टेम्पो चालायचा नाही."

मग काय, मावशींनी कंबर कसली. अर्ज लिहिला, आणि इस्त्रीच्या प्रत्येक गठ्ठ्यात वरच्या शर्टाच्या घडीत सह्यांचा कागद घातला. सही नाही तर शर्ट नाही, असं हसत हसत सांगायच्या, पण सही होईपर्यंत शर्ट खरोखरच हातातून सोडायच्या नाहीत. दारोदार जाऊन म्हणायच्या, "आज गाडीला पट्टी, उद्या चालायला पट्टी, परवा श्वास घ्यायलाही लावतील." लोक हसायचे आणि सही ठोकायचे. चाळीस सह्या झाल्या. पालिकेनं मान तुकवली, रेषा गल्लीच्या पलीकडच्या तोंडाला सरकवली आणि कॅमेऱ्याचा खांब तिथं रोवला. गल्ली हद्दीबाहेर. त्या दिवशी दिरानं टेम्पोचा भोंगा वाजवत गल्लीतून दोन चकरा मारल्या आणि मावशींना म्हणाला, "वहिनी, तुम्ही नसता तर मी उठलोच होतो इथून."

गर्दीपट्टी सुरू झाली त्या सोमवारी सकाळी आठला मावशींनी दार उघडलं, तर दाराला गाडी टेकलेली.

शहरात शिरायला पैसे पडतात म्हटल्यावर लोक काय करणार? रेषेच्या अलीकडे गाडी लावणार आणि चालत आत जाणार. आणि रेषेच्या अलीकडे होतं काय, तर ही आपली गल्ली. दोन्ही बाजूंना गाड्या, मध्ये जागा शोधणाऱ्या गाड्या. त्यांच्या मागे टॅक्सीवाले, आतून चालत येणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघत, इंजिन चालू ठेवून. रेषेपलीकडचा रस्ता इतका मोकळा की तिथं माणसं रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत उभी असायची. अलीकडे दिवसभर धूर. मावशींना तो आधी कपड्यांत दिसला. गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर बारीक काळे कण यायचे, इस्त्री फिरवली की पसरायचे, आणि चादर परत धुवायला टाकावी लागायची.

मग तो नवऱ्याच्या छातीत दिसला. एकतीस वर्षं बसच्या इंजिनाशेजारी बसून फुप्फुसं आधीच कामातून गेली होती. तरी पट्टीच्या आधी तो गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन पेपर आणायचा. पहिल्या महिन्यात दारापर्यंत येणं बंद झालं. दुसऱ्या महिन्यात ऑक्सिजनचं मशीन आलं. पाचव्या महिन्यात बोटाला लावून ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यावर चौऱ्याऐंशीचा आकडा दिसला, आणि डॉक्टरांनी मावशींना बाहेर बोलावून सांगितलं, "हे बघा, यांची फुप्फुसं आता नवी होणार नाहीत. आहे तेवढ्यावर किती दिवस निघतील, ते हवेवर आहे. इथून दुसरीकडे हलवा."

कुठं हलवणार? दुसरं घर नाही, गाव नाही, मूलबाळ नाही. खिडकी उघडली की धूर, लावली की इस्त्रीची वाफ. मावशींनी इस्त्री बंद ठेवून पाहिली, पण चूल इस्त्रीवरच चालायची. नवरा चेष्टा करायचा, "एकतीस वर्षं मी सिटीत जायचो, आता सिटीच घरी आलीय." एवढं बोलायलाही त्याला दोनदा थांबावं लागायचं. मावशी हसायच्या, आणि टेबलाकडे तोंड करून डोळे पुसायच्या. आपणच आपल्या माणसाच्या नाकाशी धूर आणून ठेवला, हे त्यांना एक क्षण विसरता येत नव्हतं.

त्या वॉर्ड ऑफिसात गेल्या. कारकुनानं फाईल काढली, पहिलंच पान वाचून दाखवलं. "'आमची गल्ली हद्दीबाहेर ठेवावी, अन्यथा येथे जगणे अशक्य होईल.' बाई, अक्षर तुमचंच ना?"

"माझंच," मावशी म्हणाल्या. "चुकलं माझं. आता आत घ्या आम्हाला."

कारकून माणूस वाईट नव्हता. त्यानं समजावून सांगितलं. पट्टी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनी फेरविचार आहे, एकदाच. नंतर पाच वर्षं रेषेला कुणी हात लावणार नाही. दोन तृतीयांश घरांची संमती पाहिजे, म्हणजे बेचाळीसपैकी अठ्ठावीस. ज्याच्या नावावर घर त्याचीच सही. शेवटची तारीख महिनाअखेर. हातात तीन आठवडे होते. डॉक्टरांचा हिशेब धरला तर तेवढेही होते की नाही, कोण जाणे.

मावशी घरी आल्या तर दीर दारातच उभा. गल्लीत बातमी माणसाच्या आधी पोचते. तो खाली बघत म्हणाला, "वहिनी, माझ्याकडे तेवढा कागद घेऊन येऊ नका. मला नाही म्हणायला लावू नका."

"टेम्पो रेषेबाहेर लावत जा की भाऊजी. चालत या घरी."

"लावला होता मागे चार दिवस लांब, गल्लीत जागा नव्हती तेव्हा. बॅटरी नेली, स्टेपनी नेली. रेषा सरकली तर मला घरच सोडावं लागेल. दादाचं मला दिसत नाही असं नाही हो." आणि तो आत निघून गेला. मावशींना राग आला, आणि राग धरायला जागाही सापडेना. गेल्या वर्षी त्याच्यासाठीच तर त्या दारोदार फिरल्या होत्या.

आता पुन्हा तीच दारं. पण घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. गेल्या सहा महिन्यांत लोकांनी आपापली सोय लावून घेतली होती. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे गाडीतून गिऱ्हाईक यायला लागलं होतं, तो म्हणाला, "मावशी, तुमच्या शब्दावर सही केली होती मी. आता तुमच्याच शब्दावर पुसू?" पुढच्या घरवाल्यानं अंगण गाड्यांना भाड्यानं दिलं होतं आणि गल्लीनं त्याचं नाव पार्किंगशेठ ठेवलं होतं. त्यानं कागद हातातही घेतला नाही. दात काढत म्हणाला, "परवा श्वासावरही पट्टी लावतील, असं कोण म्हणालं होतं बरं?" एरवी मावशींनी त्याची अशी घडी घातली असती की पुन्हा उलगडला नसता. त्या दिवशी त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मीच म्हणाले होते. माझ्या घरात लागलीय ती." त्यानं दार लावून घेतलं.

पहिली सही नर्सबाईंनी केली, काही न विचारता. गणिताच्या सरांनी सही करायच्या आधी अर्धा तास बसवून ठेवलं. निवृत्त माणूस, ऐकायला कुणी नाही. "मावशी, तुम्ही एकट्या नाही फसलात," सर म्हणाले. "पट्टी लावण्याआधी माणूस तिच्या नावानं शिमगा करतो. लागली आणि आपला रस्ता मोकळा झाला की तोच म्हणतो, पट्टी बरी. फक्त ती शेजाऱ्यानं भरावी, एवढीच त्याची इच्छा असते. आपण गल्लीनं दोन्ही घालवलं. पट्टीही नाही आणि रस्ताही नाही." मावशी म्हणाल्या, "सर, सही करा आधी, यांना अंघोळ घालायचीय." सरांनी केली.

तान्ह्या बाळाच्या आईचं काही ठरत नव्हतं. मावशींनी तिला तिच्याच बाळाचं दुपटं उजेडात धरून दाखवलं. काळे कण बघून तिनं सासऱ्यांना हाक मारली आणि सही करायला लावली. एक बाई सही देऊन बसली आणि दुसऱ्या दिवशी येऊन खोडून गेली, कारण तिचा भाऊ गाडी लावायला कुठं जाणार. पाच घरांनी इस्त्रीला कपडे द्यायचे बंद केले. मावशी एकेका दारी तीन-तीनदा गेल्या. ज्या बाईनं आयुष्यात कुणापुढं मान वाकवली नाही, ती जिन्यात उभी राहून म्हणायची, "हवं तर जन्मभर फुकट इस्त्री करते, पण सही करा." असं म्हणताना त्यांना स्वतःचीच लाज वाटायची, आणि तरी त्या म्हणायच्या. घरी यावं तर चिमट्यावर त्र्याऐंशी. दुसऱ्या दिवशी ब्याऐंशी.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी, तिसऱ्या मजल्यावरच्या पांगळ्या आजोबांनी थरथरत सही केली आणि कागदावर सत्तावीस झाल्या. मावशींनी जिन्यातच पुन्हा एकदा मोजल्या. सत्तावीस, आणि अठ्ठाविसावं घर त्यांचं स्वतःचं. ते त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. घरचंच मत, कुठं पळून जातंय?

घर नवऱ्याच्या नावावर होतं. मावशींनी कागद त्याच्या मांडीवर ठेवला, खाली वही ठेवली, पेन हातात दिलं. त्यानं सगळी नावं सावकाश वाचली. मग पेन कागदावर आडवं ठेवलं.

"धाकट्याची नाही यात."

"नाही. आणि लागत पण नाही. तुमची झाली की झालं."

"मग मी पण नाही करत."

मावशींना आधी चेष्टाच वाटली. त्याच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा कळलं. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? कुणासाठी झिजवले मी जिने?"

"मी कधी म्हटलं झिजव?" तो थांबला, मशीनचा श्वास घेतला. "माझे राहिलेत किती? त्यासाठी त्याचं घर उठवू? हातानं वाढवलाय मी त्याला. जिथं राहतो तिथून त्याला मीच काढलं, असं व्हायला नको."

"आणि माझं काय?" मावशींचा आवाज चढला नाही, उलट बसला. "रोज तो आकडा बघते मी. तुमचा भाऊ आहे, मान्य. मी कोण आहे? तुम्ही गेल्यावर या खोलीत मी कुणाशी भांडू?"

हात लांब करून त्यानं मावशींचा हात धरला, पण पेन काही उचललं नाही. मावशींनी विनवण्या केल्या, रागावल्या, रडल्या. संध्याकाळपर्यंत कागद तसाच.

दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिस बंद व्हायला पाऊण तास होता. मावशी ऑफिसच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर कागद. लोक चढत-उतरत होते. नवऱ्याची सही त्यांना तोंडपाठ होती. एकतीस वर्षं ड्युटीच्या कागदांवर, रजेच्या अर्जांवर पाहिलेली. पहिलं अक्षर मोठं, शेवटी खाली ओढलेली शेपटी. त्यांनी ती केली. हात कापला नाही, आणि त्याचंच त्यांना नंतर वाईट वाटत राहिलं. कारकुनानं सह्या मोजल्या, शिक्का मारला, म्हणाला, "जमवलंत बाई." मावशींनी मान हलवली. घरी गेल्यावर सांगायचं, असं वाटेत ठरवलं. घरी गेल्यावर नवरा झोपला होता, आणि मग ते राहूनच गेलं.

आठ दिवसांनी पालिकेनं संमती दिलेल्या घरांची यादी गल्लीच्या भिंतीवर चिकटवली. मालकांच्या नावांसकट. हे असं होईल, हे काही मावशींच्या ध्यानीमनी नव्हतं.

दीर आला तेव्हा त्या बाहीला इस्त्री करत होत्या. तो उंबऱ्याच्या आत आला नाही. मावशींकडे त्यानं पाहिलंही नाही.

"दादा, यादीत तुझं नाव आहे."

नवऱ्यानं उशीवरून मान उचलली. मावशींकडे बघितलं. मावशींनी इस्त्री उभी केली आणि तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत त्यानं नाकावरची नळी बाजूला केली.

"हो," तो म्हणाला. "मीच केली सही."

"तू केलीस?"

"मीच. विचार करून केली."

"मला एकदा विचारायचं तरी," दीर म्हणाला. "मी नाही म्हणालो असतो, पण विचारायचं तरी." दीर गेला. मावशी जागच्या हलल्या नाहीत. नवऱ्यानं नळी परत नाकाला लावली आणि भिंतीकडे कूस बदलली.

रेषा सरकायच्या आतच दिरानं घर रिकामं केलं. शहराबाहेर कुठंतरी खोली घेतली. टेम्पोच्या तीन खेपा झाल्या. सामान चढवताना त्यानं एकदाही या दाराकडे पाहिलं नाही, आणि नवऱ्यानं खिडकीतून तिन्ही खेपा पाहिल्या.

मग गल्ली मोकळी झाली. एका सकाळी गाड्या नव्हत्या, बस्स. मावशींनी सहा महिन्यांनी खिडकी सताड उघडी ठेवली. चादरी पांढऱ्या वाळायला लागल्या. कपडे बंद केलेल्या पाचांपैकी चार घरं परत आली. पार्किंगशेठही रिकाम्या अंगणात खुर्ची टाकून म्हणाला, शांत वाटतं हो. चिमट्यावर ब्याऐंशीचे शहाऐंशी झाले, शहाऐंशीचे नव्वद. डॉक्टर म्हणाले, छान, असेच काही महिने मिळाले तर मिळाले. नवरा मावशींशी बोलायचा, पण कामापुरतं. पाणी दे. उशी दे. सहीचं नाव त्यानं काढलं नाही. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं मावशींना रोज वाटायचं.

पंधरा दिवस त्यांनी ते सोसलं. मग एका दुपारी इस्त्रीचा प्लग काढला, चपला घातल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी भाऊजींकडे जाऊन येते. खरं काय ते सांगते. माझ्या पापावर तुमचं नाव नको."

"बस खाली," नवरा म्हणाला.

"नाही बसत. तुमचा काय दोष? त्यांनी मला काय ते बोलावं."

"म्हणूनच बस." त्यानं हातानं खाटेची कड थोपटली. मावशी चपलांसकट बसल्या. तो श्वास घेऊन घेऊन बोलत होता, मध्ये थांबत होता, पण आज त्याला बोलायचंच होतं. "तू सांगितलंस तर तो तुझ्यावर चिडेल. मग तुझ्या दारी कोण येईल? मी गेलो की मला उचलायला त्यालाच बोलवायचंय तुला. नंतर दुखलंखुपलं तर त्यालाच. दुसरं कोण आहे? मेलेल्या माणसावर कुणी फार दिवस चिडून राहत नाही. माझ्यावरचा राग माझ्याबरोबर जाईल. तुझ्यावरचा तुला पुरून उरेल."

मावशींनी वाकून पायातल्या चपला काढल्या. उघड्या खिडकीतून हवा येत होती, आणि तो दमून डोळे मिटून पडला होता.

"एवढं बोलू नये तुम्ही," त्या म्हणाल्या. "दम लागतो."